डिलिव्हरीचे पैसे कसे मोजतात: दरपत्रकापासून खात्यात जमा होणाऱ्या रकमेपर्यंत

आठवड्याचा पेआउट, म्हणजे खात्यात जमा होणारी रक्कम, आला की बहुतेक डिलिव्हरी रायडर एकच भागाकार करतात: एकूण पैसे भागिले एकूण ऑर्डरी. मग निष्कर्ष ठरलेला, 'मागच्या आठवड्यात ऑर्डरमागे चाळीस पडत होते, आता चौतीसच पडतात, म्हणजे कापताहेत.' कधी खरंच कापलेले असतात, कधी नसतात. पण या भागाकारातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे ग्राहकाच्या बिलावरची डिलिव्हरी फी ही आपली मजुरी समजणं. ती फी ग्राहक भरतो, तुमची मजुरी मात्र वेगळ्याच सूत्राने निघते. ग्राहकाला डिलिव्हरी मोफत असली तरी तुमचे पैसे शून्य होत नाहीत, आणि त्याने जास्त भरले म्हणून तुमचे वाढतीलच असंही नाही. बिलाचा फोटो जोडून तक्रार करणाऱ्यांना म्हणूनच साचेबंद उत्तर मिळतं.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एक टप्पा गाळून पुढे गेलात तर चूक कुठे शिरली ते नंतर सापडत नाही. उदाहरणांतले आकडे सोयीसाठी घेतलेत. चलन कुठलंही धरा आणि त्यांच्या जागी तुमच्या दरपत्रकातले आकडे घाला.

## आधीची तयारी

आठवडा संपल्यावर हिशेबाला बसून उपयोग नाही, कारण तोवर अर्धी माहिती ॲपमधून दिसेनाशी झालेली असते. आठवडा सुरू होण्याआधीच एवढं करून ठेवा:

- दरपत्रकाचा, म्हणजे रेटकार्डाचा, तारखेसकट स्क्रीनशॉट. दर आठवड्याला नवा घ्या, दर बदलला नसला तरी.
- आठवडा कधी सुरू होतो, कधी संपतो. मध्यरात्री संपतो की पहाटे, हे नक्की माहीत हवं.
- घरातून निघताना आणि परत आल्यावर गाडीच्या मीटरचं रीडिंग.
- एक छोटी वही. प्रत्येक ऑर्डरला एक ओळ: ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार अंक, स्वीकारल्याची वेळ, रेस्टॉरंटला पोहोचल्याची वेळ, पार्सल हातात आल्याची वेळ, ग्राहकाला दिल्याची वेळ, आणि रोख घेतली असेल तर किती.

चार वेळा लिहायचा कंटाळा येतो हे मान्य. तसं असेल तर निदान मधल्या दोन सोडू नका, म्हणजे पोहोचल्याची आणि पार्सल मिळाल्याची. सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

## टप्पा १: आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते ठरवा

साधारण तीन पद्धती दिसतात. ऑर्डरमागे पैसे, तासाप्रमाणे पैसे, किंवा तासाचा ठरावीक दर आणि वर ऑर्डरमागे थोडे. रेस्टॉरंटने स्वतः ठेवलेल्या माणसाला बहुधा दुसरी किंवा तिसरी लागू होते, ॲपवरच्या रायडरला पहिली. काही ॲपवर मात्र गर्दीच्या वेळी एक पद्धत आणि इतर वेळी दुसरी असते. तसं असेल तर त्या दोन वेळांचे हिशेब वेगळ्या पानांवर मांडा. एकत्र केलेत तर ताळा लागणार नाही.

तासाप्रमाणे पैसे मिळत असतील तर सरळ टप्पा ८ वर जा.

## टप्पा २: एका ऑर्डरची एकूण रक्कम काढा

समजा दरपत्रक असं आहे: मूळ रक्कम २२, त्यात पहिले २ किलोमीटर धरलेले. २ ते ५ किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला ५. ५ च्या पुढे दर किलोमीटरला ७. रेस्टॉरंटपर्यंत जाण्याचे दर किलोमीटरला ३. थांबण्याची पहिली ८ मिनिटं मोफत, पुढे मिनिटाला १.

आता एक ऑर्डर घ्या. रेस्टॉरंटपर्यंत १.८ किलोमीटर, तिथून ग्राहकापर्यंत ६.४ किलोमीटर, थांबलात १४ मिनिटं.

- मूळ रक्कम: २२
- २ ते ५ किलोमीटर: ३ × ५ = १५
- ५ ते ६.४ किलोमीटर: १.४ × ७ = ९.८
- रेस्टॉरंटपर्यंत: १.८ × ३ = ५.४
- थांबणं: ६ × १ = ६
- एकूण: ५८.२

चूक होते ती तिसऱ्या ओळीत. ५ च्या पुढचा दर ७ आहे हे वाचून अख्ख्या ६.४ ला ७ ने गुणलं जातं. मग अंतराचे ४४.८ आणि एकूण ७८.२ येतात, आणि 'वीस रुपये खाल्ले' म्हणून माणूस भांडायला उभा राहतो. वरचा दर वरच्या किलोमीटरनाच लागतो, दरपत्रकात वेगळं स्पष्ट लिहिलं नसेल तर.

### अंतर नेमकं कुठलं?

इथे थोडं थांबा, कारण सगळा हिशेब या एका शब्दावर उभा आहे. 'अंतर' तीन प्रकारचं असू शकतं: नकाशावरची सरळ रेषा, ऑर्डर देताना ॲपने सुचवलेल्या रस्त्याची लांबी, किंवा तुम्ही प्रत्यक्ष कापलेलं अंतर. मधे नदी, रेल्वेमार्ग किंवा एकेरी वाहतूक आली की सरळ रेषा आणि रस्ता यांत बराच फरक पडतो. वरच्याच ऑर्डरीत सरळ रेषेचं अंतर ४.६ किलोमीटर असेल तर मूळ रक्कम आणि ग्राहकापर्यंतचं अंतर मिळून २२ + १३ = ३५ होतात. रस्त्याने मोजलं तर ४६.८. ऑर्डरीत खोट काहीच नाही, फक्त मोजपट्टी बदलली.

आपल्याकडे कुठली पट्टी आहे ते दरपत्रकात लिहिलेलं नसेल तर स्वतः शोधा. वळसा घालून जाव्या लागलेल्या तीन ऑर्डरी निवडा, नकाशावर दोन्ही अंतरं काढा, आणि ॲपने मोजलेला आकडा कुठल्याशी जुळतो ते बघा. एका ऑर्डरीवरून ठरवू नका.

सावधान: पट्टी सुचवलेल्या रस्त्याची असेल तर वाहतूक टाळायला तुम्ही घेतलेला लांबचा रस्ता तुमच्या खिशातून जातो. रस्ता बंद होता म्हणून वळसा पडला असेल तर त्याच वेळी ॲपमधून कळवा, किंवा निदान बंद रस्त्याचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी सांगितलेलं कोणी धरत नाही.

## टप्पा ३: थांबल्याचा वेळ तपासा

घड्याळ तुम्ही पोहोचलात तेव्हा सुरू होत नाही. 'पोहोचलो' हे बटण दाबल्यावर किंवा फोनचं लोकेशन रेस्टॉरंटच्या ठरावीक परिघात आल्यावर सुरू होतं. गाडी लावा, आत जा, काउंटरवर चौकशी करा आणि मग बटण दाबा, या सवयीत दर ऑर्डरला तीन-चार मिनिटं सहज जातात. गाडी स्टँडला लावली की लगेच दाबा.

उलट्या बाजूने, दोन चौक अलीकडूनच दाबणाऱ्यांची मिनिटं लोकेशन न जुळल्यामुळे बाद होतात. उंच इमारतींमध्ये आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएस तसंही भरकटतं. अशा ठिकाणी दाराशी उभं राहून दाबलेलं बरं.

तपासणी: वहीतली थांबल्याची मिनिटं उणे मोफत मिनिटं. हा आकडा आणि ॲपच्या पेआउट पावतीतली मिनिटं यांत एक-दोनचा फरक असेल तर सोडून द्या. सातत्याने पाच-सहाचा असेल तर बटणाची सवय तपासा, तक्रार नंतर.

## टप्पा ४: जोडऑर्डरी वेगळ्या काढा

एकाच फेरीत दोन ऑर्डरी मिळाल्या की दोन्हींची पूर्ण मूळ रक्कम मिळेल असं धरू नका. बऱ्याचदा पहिल्या ऑर्डरीची मूळ रक्कम पूर्ण, दुसरीची छोटी ठरावीक भर, आणि अंतर संपूर्ण फेरीचं एकदाच, असं असतं.

समजा पहिला ग्राहक ३ किलोमीटरवर आणि दुसरा त्याच्या पुढे १.५ वर आहे. दुसरा रेस्टॉरंटपासून थेट गेलात तर ४ किलोमीटरवर. रेस्टॉरंटपर्यंत जाण्याचे पैसे तूर्त बाजूला ठेवू. स्वतंत्र गेलात तर २७ आणि ३२, म्हणजे ५९. जोडून गेलात आणि दुसरीची भर १० असेल तर २२ + १० + १२.५ = ४४.५.

ऑर्डरमागे बघितलं तर तोटाच तोटा. आता वेळ घाला. स्वतंत्र फेऱ्यांना ६० मिनिटं लागली आणि जोडफेरीला ४०, तर तासाला अनुक्रमे ५९ आणि साधारण ६७ पडतात. जोडऑर्डर वाईट नसते. वाईट असते ती दोन वेगळ्या रेस्टॉरंटांची जोडऑर्डर, जिथे पहिलं पार्सल पिशवीत घेऊन दुसऱ्याच्या दारात वीस मिनिटं उभं राहावं लागतं. अशा फेऱ्यांवर वहीत खूण करा. आठवड्याअखेर त्या नाकारायच्या की घ्यायच्या ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

## टप्पा ५: गर्दीची वाढ कशावर लागते ते बघा

पाऊस, रात्र, सुट्टी, सामन्याचा दिवस अशा वेळी १.३ पट वगैरे दाखवतात. प्रश्न एकच: कशाच्या १.३ पट? टप्पा २ मधलीच ऑर्डर घेतली तर वाढ फक्त मूळ रकमेवर असल्यास ६.६ मिळतात. मूळ रक्कम आणि अंतर दोन्हींवर असल्यास १५.६६, आणि थांबण्यासकट सगळ्यावर असल्यास १७.४६.

वाढ कुठल्या क्षणाची धरतात हेही महत्त्वाचं. बहुधा ऑर्डर स्वीकारल्याच्या वेळची धरतात. वाढ सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी घेतलेल्या ऑर्डरीला ती लागत नाही, पुढचा पाऊणतास तुम्ही पावसात भिजलात तरीही.

## टप्पा ६: रद्द आणि परत आलेल्या ऑर्डरी

यांना वहीत वेगळं पान द्या. पार्सल उचलायच्या आधी रद्द झाली, उचलल्यावर रद्द झाली आणि ग्राहक सापडला नाही, या तिन्हींचे नियम वेगळे असतात. रद्द कोणी केली, ग्राहकाने, रेस्टॉरंटने की तुम्ही, यावरही पैसे ठरतात. म्हणून 'रद्द' एवढंच न लिहिता कोणी आणि कुठल्या टप्प्यावर ते लिहा. ग्राहक फोन उचलत नसेल तर ॲपमधूनच फोन करा. स्वतःच्या नंबरवरून केलेल्या फोनची ॲपमध्ये नोंद राहत नाही.

## टप्पा ७: इन्सेंटिव्ह

इन्सेंटिव्ह म्हणजे ठरावीक ऑर्डरी पूर्ण केल्यावर मिळणारे जादा पैसे. समजा दिवसाला १५ ऑर्डरींवर ८०, २२ वर १८०. हे १८० म्हणजे आधीचे ८० धरून की ते सोडून? विचारून घ्या, कारण फरक ८० चा आहे. ऑर्डर कुठल्या दिवसात मोजतात, स्वीकारली तेव्हाच्या की पोहोचवली तेव्हाच्या, हेही विचारा. बाविसावी ऑर्डर बारा वाजून तीन मिनिटांनी पोहोचवून इन्सेंटिव्ह हुकलेले रायडर मी पाहिलेत.

अठरावर अडकला असाल तर चार ऑर्डरी मिळतील का, एवढंच बघू नका. एकामागून एक मिळताहेत की अर्ध्या तासाला एक, ते बघा. तीनच झाल्या तर वरचे पैसे शून्य, आणि दोन तास गेलेले.

## टप्पा ८: किमान हमीचा ताळा

सर्वात जास्त गैरसमज या टप्प्यात. 'चार तासांच्या स्लॉटला (म्हणजे पाळीला) ३०० ची हमी' याचा अर्थ ऑर्डरींचे पैसे अधिक ३०० असा नाही. ऑर्डरींचे २५५ झाले तर कंपनी वर ४५ घालून ३०० करते. ३१० झाले तर वर काहीच नाही.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. तुमचे २५५ झालेत आणि स्लॉटच्या शेवटी ४० ची एक ऑर्डर आली. ती केलीत तर २९५ होतील, कंपनीची भर ४५ वरून ५ वर येईल, हातात पुन्हा ३००च. म्हणजे ती ऑर्डर तुम्ही फुकट केलीत, पेट्रोल स्वतःचं घालून. मग नाकारावी का? तर तसंही नाही, कारण हमीला अटी असतात: इतकी मिनिटं ऑनलाइन, जास्तीत जास्त इतके नकार. नकाराची अट मोडली तर ४५ ची भरच जाते. हे गणित स्लॉटच्या शेवटच्या अर्ध्या तासात करायचं, आधी नाही.

हमी कशावर मोजतात हा त्याहून मोठा प्रश्न. समजा एका स्लॉटमध्ये २५५ आणि दुसऱ्यात ३४५ झाले. स्लॉटनुसार मोजलं तर ३०० + ३४५ = ६४५. दोन्ही एकत्र मोजलं तर हमी ६००, कमाई ६००, भर शून्य. दिवसावर किंवा आठवड्यावर मोजली जाणारी हमी ऐकायला तेवढीच वाटते, पण तुमचे चांगले स्लॉट वाईट स्लॉटची भरपाई करत राहतात.

तिसरा प्रश्न वेळेचा: कोणता वेळ धरतात? कॅलिफोर्नियात २०२० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २२ या कायद्यात ॲपवरच्या चालकांना स्थानिक किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे, पण ती ऑर्डर स्वीकारल्यापासून पूर्ण होईपर्यंतच्या वेळेपुरती. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये लागू केलेल्या किमान दरात ऑर्डरची वाट बघत ऑनलाइन असलेला वेळही हिशेबात घेतला. कागदावर दोन्ही 'किमान हमी'च. म्हणून हमीचा आकडा वाचण्याआधी 'कामाचा वेळ' या शब्दाची व्याख्या वाचा.

तपासणी: टिप हमीत धरतात का? २५५ वर २० टिप मिळाली आणि ती धरली, तर भर ४५ ऐवजी २५ येते. ग्राहकाने तुम्हाला दिलेले पैसे कंपनीने वाचवले असा त्याचा अर्थ. हे मात्र जरूर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

## टप्पा ९: टिप

ॲपवरची टिप पावतीत वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ती कशात मिसळली आहे ते शोधा. रोख टिप वहीत वेगळी लिहा, ऑर्डरच्या रोखीत मिसळू देऊ नका. कारण पुढच्याच टप्प्यात कळेल.

## टप्पा १०: रोख आणि वजावट

एका रायडरने मला दाखवलेला हिशेब अजून आठवतो. गाडीच्या सीटवर वही, एका हातात फोन, आणि वाक्य एकच: 'कमाई ३,२०० दाखवतात, खात्यात २,१०० आले. अकराशे गेले कुठे?' पावती उलगडली:

- ऑर्डरींची कमाई, इन्सेंटिव्ह आणि हमीसह: ३,२००
- ॲपवरची टिप: १५०
- पिशवीचा हप्ता: वजा १००
- ग्राहकांकडून घेतलेली रोख: १,८५०
- त्यातली कंपनीकडे भरणा केलेली: ७००
- हातात राहिलेली रोख: वजा १,१५०
- खात्यात: २,१००

अकराशे कुठेही गेले नव्हते. टिप आणि हप्ता धरून त्याचे एकूण ३,२५० झाले होते. त्यातले १,१५० आधीच त्याच्या खिशात होते आणि बरेचसे खर्चही झाले होते. हातातली रोख म्हणजे तुम्ही आगाऊ उचललेला पगार, असंच समजायचं.

त्या पावतीत खरी चूक निघाली ती वेगळीच. भरणा केलेल्या ७०० पैकी २०० रविवारी रात्री उशिरा भरले होते, ते याच आठवड्यात धरलेले असूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा 'बाकी' म्हणून दिसत होते. आठवड्याच्या सीमेवर केलेला भरणा हा ठरलेला घोळ आहे. शेवटच्या दिवशी भरू नका, किंवा भरलात तर पावती जपा.

ताळा: खात्यात आलेले अधिक हातातली रोख = कमाई अधिक टिप वजा हप्ते. हे दोन आकडे जुळले नाहीत तरच पुढे भांडण.

## टप्पा ११: तासाला खरे किती पडले

याच आठवड्याचं पुढे नेऊ. मीटरवर ४२० किलोमीटर झाले, ॲपने पैसे मोजले २६५ चे. उरलेले १५५ म्हणजे रिकामं परत येणं, घरून झोनपर्यंत, म्हणजे ऑर्डरी मिळतात त्या भागापर्यंत, जाणं, भटकणं. इंधनाचा खर्च टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतच्या किलोमीटरवरून काढा, गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजवरून नको. त्यात टायर, ऑइल, ब्रेक यांची किलोमीटरमागची भर घाला. समजा सगळं मिळून किलोमीटरला ३ आलं. ४२० × ३ = १,२६०. मग ३,२५० − १,२६० = १,९९०.

तास किती? ऑर्डरीवर असलेले २८, पण ऑनलाइन असलेले ४२. खर्च न काढता ऑर्डरीच्या तासांनी भागलं तर तासाला ११६ येतात. खर्च काढून ७१, आणि खर्च काढून ऑनलाइन तासांनी भागलं तर ४७. आठवडा तोच. दुसऱ्या ॲपशी किंवा दुसऱ्या कामाशी तुलना करायची असेल तर शेवटचाच आकडा वापरा. जाहिरातीत बहुधा पहिला असतो.

## टप्पा १२: तफावत निघाली तर तक्रार अशी लिहा

'पैसे कमी आले' असं लिहू नका. एकच ऑर्डर निवडा, फरक सर्वात स्पष्ट असलेली, आणि एवढंच लिहा: ऑर्डर क्रमांक, तारीख, दरपत्रकातली कुठली ओळ, त्याप्रमाणे किती यायला हवे होते, किती आले, फरक किती. सोबत त्या तारखेचा दरपत्रकाचा स्क्रीनशॉट आणि वहीतल्या वेळा.

एका तक्रारीत दहा ऑर्डरी कोंबल्या तर त्यातल्या एका चुकीवर बोट ठेवून बाकीच्या नऊ बंद करतात. पहिली मान्य झाली की तिचाच तक्रार क्रमांक देऊन 'याच कारणाने पुढील ऑर्डरी' म्हणून उरलेली यादी पाठवा. फोनवर मान्य केलेलं असेल तर त्याच दिवशी चॅटमध्ये 'आपण फोनवर असं सांगितलंत' असं लिहून ठेवा. तक्रारीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी बघा. ती बऱ्याचदा पेआउटच्या तारखेपासून मोजतात, ऑर्डरच्या नाही.